दीड जागेचा खटला

‘वाशिमच्या एका याचिकेने साऱ्या महाराष्ट्राचे ओबीसी आरक्षण बुडवले.’ सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१ च्या निकालानंतर हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की आता समोरच्याने सुपारी फोडली तरी पुढचे मला कळते. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते, जरा शिकल्या-सवरल्या तोंडचे: स्थानिक स्वराज्य संस्था हा घटनेने राज्याला दिलेला विषय, त्यात दिल्लीने आणि दिल्लीच्या न्यायालयाने हात घालून संघराज्याचा कणा मोडला. आणि हे दोन्ही कमी पडले तर तिसरे तयारच असते: केंद्राने आकडेवारी दाबून ठेवली, राज्य बिचारे करणार काय?

ही कैफियत सर्वपक्षीय आहे. सत्तेत असलेला पक्ष ती मांडतो, विरोधात गेला की सत्तेत आलेल्याकडून ती ऐकतो. वाशिमात राहणाऱ्या माणसाला मात्र ती पचत नाही, कारण तिच्यात वाशिम फक्त आरोपी म्हणून येते. मला तिच्या तिन्ही कलमांना उत्तर द्यायचे आहे. त्यातल्या एका कलमात थोडे तथ्य आहे, तेही सांगेन.

आधी हिशेब. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६०. त्यात अनुसूचित जाती १९ टक्क्यांहून किंचित अधिक, अनुसूचित जमाती पावणेसातच्या आसपास. या दोघांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात राखायच्याच, असे घटनेचे २४३-डी कलम सांगते. तिथे राज्याची मर्जी चालत नाही. ती बेरीज होते जवळपास २६. त्यावर १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यातले कलम १२ नागरिकांच्या मागास प्रवर्गाला, कचेरीच्या भाषेत नामाप्रला, सरसकट २७ टक्के देत होते. गडचिरोली असो, वाशिम असो की कोल्हापूर, आकडा तोच. एकूण गेले ५३ च्या घरात. जिल्हा परिषदेच्या जागा ५२. म्हणजे पन्नास टक्क्यांची रेघ वाशिमने ओलांडली ती अवघ्या दीड जागेने.

त्या दीड जागेपायी १४ जागा गेल्या. जानेवारी २०२० मध्ये लोकांनी निवडून दिलेले १४ जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांमधले २७ सदस्य सव्वा वर्षात घरी बसले. त्या जागा सर्वसाधारण झाल्या. पोटनिवडणूक १९ जुलैला ठरली होती, करोनामुळे पुढे ढकलली गेली आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला झाली. वाशिमबरोबर अकोला, नागपूर, धुळे, नंदुरबार आणि पालघर याही जिल्हा परिषदांत ती झाली. सगळ्या मिळून ८५ जागा. सर्व पक्षांनी तेव्हा छातीठोकपणे जाहीर केले की खुल्या झालेल्या जागांवर आम्ही ओबीसीच उमेदवार देऊ. बरे केले. खुल्या जागेवर ओबीसी उमेदवार देता येतो हा शोध त्यांना लागायला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, एवढेच.

आता विचारा, दीडच्या जागी चौदा का? इथे पहिल्या वाक्याचे उत्तर आहे. वाशिमच्या त्या याचिकेवर, ‘विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात न्यायमूर्ती अजय खानविलकर, इंदू मल्होत्रा आणि अजय रस्तोगी यांच्या पीठाने नवी अट घातलेली नव्हती. अट ११ मे २०१० ची होती. के. कृष्णमूर्ती खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले होते की नोकरी-शिक्षणातले मागासपण आणि राजकारणातले मागासपण एकच असते असे नाही. ते स्थानिक पातळीवर मोजा. त्यातूनच तीन कसोट्या ठरल्या. समर्पित आयोग नेमा, प्रत्येक संस्थेसाठी वेगळे प्रमाण काढा आणि सगळे मिळून पन्नासच्या वर जाऊ नका. घटनापीठाने ओबीसी आरक्षण रद्द केले नव्हते, उलट घटनेतली ती तरतूद वैध ठरवली होती. फक्त एवढेच म्हटले होते की मोजून द्या.

मोजले नाही. २०१० नंतर पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले, मग देवेंद्र फडणवीस झाले, मग उद्धव ठाकरे झाले. अकरा वर्षांत एक आयोग बसला नाही. जुलै २०१९ च्या अखेरीस एक वटहुकूम निघाला, सरसकट २७ च्या जागी लोकसंख्येनुसार प्रमाण ठरवण्यासाठी. तो कायद्यात उतरलाच नाही, आपल्या मरणाने मेला. काढणारे म्हणतात मारणाऱ्यांनी मारला, मारणारे म्हणतात मुळातच अधू होता. दोघांचेही खरे असेल. वाशिमपुरता अर्थ एवढाच की आयोगाचा एक कागद हाती असता तर चौदापैकी बाराएक जागा कायद्याने टिकू शकल्या असत्या. कागद नव्हता, म्हणून चौदाही निराधार ठरल्या. आरक्षण बुडवणारी याचिका म्हणायची असेल तर ती मंत्रालयात अकरा वर्षे रिकामी राहिलेली फाईल आहे.

आणि हेही लक्षात ठेवा की इथले नामाप्र म्हणजे केवळ मुंबईत बोलतात ते ‘ओबीसी’ नव्हेत. या प्रवर्गात विमुक्त जाती, भटक्या जमाती येतात. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. तिथल्या तांड्यावरच्या बाईला जिल्हा परिषदेच्या गटात उभे राहण्याची जी एक फट होती ती याच २७ मध्ये होती. ज्यांना वाटते की हा कोण्या सधन जातींच्या वाट्याचा तंटा होता, त्यांनी एकदा कारंजा ते मानोरा जाऊन यावे.

दुसरे वाक्य जास्त प्रतिष्ठित आहे, म्हणून त्याला जास्त वेळ देतो. सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत पाचवी नोंद स्थानिक शासनाची आहे, हे खरे. मुलांना शाळेत शिकवतात तेवढे खरे. पण जे वकिली थाटात ती नोंद पुढे करतात ते घटनेचे एक पान वाचतात आणि नववा भाग सोडून देतात.

‘राज्याचा विषय’ हे शब्द निखळ रूपात कसे दिसतात ते पाहायचे असेल तर कॅनडात पाहावे. तिथल्या १८६७ च्या मूळ कायद्यात नगरसंस्था प्रांतांकडे सोपवल्या आहेत आणि केंद्र-प्रांतांच्या अधिकारांचे तंटे १९४९ पर्यंत थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये चालत. त्या परंपरेत नगरपालिका म्हणजे प्रांताने बनवलेले खेळणे. २०१८ मध्ये टोरांटोच्या निवडणुकीचा प्रचार सुरू असताना ऑन्टारिओ प्रांताने कायदा करून तिथले ४७ प्रभाग २५ वर आणले. उमेदवार दारोदार फिरत होते आणि त्यांचा प्रभागच नकाशावरून पुसला गेला. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की प्रांताला हे करता येते. तारीख होती १ ऑक्टोबर २०२१. चार दिवसांनी वाशिमात पोटनिवडणुकीचे मतदान होते.

भारतात असे करता येत नाही. २४ एप्रिल १९९३ पर्यंत येत होते. त्या दिवशी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि जिल्हा परिषद राज्याच्या कृपेतून बाहेर पडून घटनेच्या पोटात आली. २४३-ई सांगते, मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याच्या आत निवडणूक. २४३-के सांगते, निवडणुकीवरचे नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाचे. २४३-डीचे सहावे उपकलम राज्याला मागासवर्गीयांसाठी जागा राखू देते. म्हणजे विषय राज्याचा, पण कुंपण घटनेचे. कुंपण कोणी तोडले की नाही हे पाहणे हे न्यायालयाचे काम. त्याला नाक खुपसणे म्हणायचे तर राज्यपाल विधेयके दाबून बसतात तेव्हा राज्ये धावत कुठे जातात? त्याच न्यायालयात. तेव्हा ते संघराज्याचे रक्षक असते. कौल आपल्या बाजूने पडला तर देव जागृत.

कोणी म्हणेल, ही दुरुस्तीच मुळात दिल्लीने लादलेली. हा आक्षेप जुना आहे आणि एकेकाळी वजनदार होता. राजीव गांधींचे चौसष्टावे दुरुस्ती विधेयक लोकसभेत पार पडून ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत पडले ते याच कारणाने. पंतप्रधान मुख्यमंत्र्यांना वळसा घालून थेट जिल्ह्यात उतरू पाहतो, असा संशय होता. संशय निराधार नव्हता. पण त्र्याहत्तराव्या दुरुस्तीला निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता दिल्यावरच ती घटनेत आली. आणि महाराष्ट्राने तरी लादल्याची भाषा करू नये. वसंतराव नाईकांच्या समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ ला इथे जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, तेव्हा दिल्लीची सक्ती नव्हती. नाईक आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातले, गहुलीचे. ज्या राज्याने देशाला जिल्हा परिषद कशी चालवायची ते दाखवले, त्या राज्यावर तिची निवडणूक वेळेत घे म्हणून सांगायची पाळी यावी!

बरे, राज्याला हा विषय इतका जिवाभावाचा आहे तर त्याने तो हाती घेऊन केले काय? ७ मार्च २०२२ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा केला. गट-गणांची रचना करण्याचे अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतले. त्या काळात महाविकास आघाडी आणि भाजप यांचे सकाळच्या चहाच्या चवीवरही एकमत होत नव्हते. या एका गोष्टीवर झाले. हेतू उघड होता, निवडणूक लांबवायची. ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करायला सांगितले, जुन्या रचनेवर. मग सरकार पालटले, राज्याने नेमलेल्या जयंतकुमार बांठिया आयोगाचा अहवाल आला, जुलैत तो न्यायालयात मान्य झाला, नव्या सरकारने प्रभागांची संख्या पुन्हा बदलली, ऑगस्टमध्ये न्यायालयाचा ‘जैसे थे’ आदेश आला. आणि ते जैसे थे पावणेतीन वर्षे तसेच राहिले.

दिल्ली आमचे अधिकार खाते म्हणून राज्य रडते. जीएसटीचा परतावा, राज्यपाल, तपास यंत्रणा: त्या रडण्यात पुष्कळ खरे आहे आणि मी त्या बाजूने लिहिलेही आहे. पण तेच राज्य खालच्या पायरीकडे वळले की दिल्ली होते. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण आमच्याकडे रोजच्या वापरातली आहे.

एक तुलना करून पाहा. गवळी खटल्याचा निकाल लागला ४ मार्च २०२१ ला. दोन महिन्यांनी, ५ मे रोजी, मराठा आरक्षणाच्या निकालात त्याच न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की एकशे दोनाव्या घटनादुरुस्तीनंतर मागास जाती ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. हा राज्यांच्या अधिकाराला खराखुरा धक्का होता. मग काय झाले? साडेतीन महिन्यांच्या आत एकशे पाचावी घटनादुरुस्ती. लोकसभेत विरोधात एक मत नाही, राज्यसभेत विरोधात एक मत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अधिकार राज्यांना परत. राज्याचे काही हरवले तर घटना बदलून ते एका पावसाळ्यात सापडते. वाशिम, अकोला, नंदुरबारची जिल्हा परिषद हरवली तर तिच्यासाठी कोणी दिव्याची वातही वर करत नाही.

तिसऱ्या वाक्यात तथ्य आहे असे मी म्हटले. जनगणना संघ सूचीत आहे, राज्य ती करू शकत नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय पाहणीत केंद्राने घरोघर जाऊन जात विचारली आणि ती आकडेवारी पेटीत बंद केली. महाराष्ट्राने ती मागितली तेव्हा केंद्राने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की ती चुकांनी भरलेली आहे, त्यात ४६ लाख जातींची नावे निघाली आहेत. १५ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने राज्याची मागणी फेटाळली. म्हणजे न्यायालय राज्याला म्हणते मोजून आण, आणि मोजपट्टी ज्याच्या हाती तो म्हणतो मोजपट्टी वाकडी आहे, देत नाही. हा खरा संघराज्याचा पेच आहे आणि यात केंद्राची बाजू मला लाजिरवाणी वाटते. वाकडी का होईना, दहा वर्षांत सरळ करता आली असती. आता २०२७ च्या जनगणनेत जात विचारणार आहेत; उशिरा सुचलेले शहाणपण.

पण मग राज्य बिचारे, हे त्यातून सिद्ध होत नाही. कृष्णमूर्ती निकालाने जनगणना मागितली नव्हती, आयोगाची पाहणी मागितली होती. ती राज्याला करता येत होती, घटनेत तिला काही आडकाठी नव्हती. बांठिया आयोगाने अखेर ती चार महिन्यांत उरकली, हाच त्याचा पुरावा. कशी उरकली ते विचारू नका. मतदार याद्यांमधल्या आडनावांवरून जात ओळखल्याचा आरोप तेव्हा ओबीसी नेत्यांनीच केला. वाशिमच्या माणसाला त्यातली गंमत लगेच कळते. आमच्याकडे पवार मराठाही असतो आणि बंजाराही. चव्हाण, जाधव यांचेही तसेच. राठोड तेवढा बऱ्यापैकी ओळखू येतो. गावातल्या पोस्टमनला विचारले असते तरी याहून बरा आकडा मिळाला असता. अकरा वर्षे न केलेले काम चार महिन्यांत केले की ते असेच होते, त्याचा दोष दिल्लीवर कसा टाकणार?

न्यायालयालाही मी मोकळे सोडत नाही. दीड जागेच्या चुकीला चौदा जागांची शिक्षा देताना सदस्यांचा काय अपराध होता, याचा विचार निकालात पुरेसा दिसत नाही. ते बिचारे सरकारने काढलेल्या अधिसूचनेवरच उभे राहिले होते. आणि ज्या न्यायालयाने मे २०२२ मध्येच, मध्य प्रदेशच्या सुरेश महाजन खटल्यात, बजावले होते की प्रभागरचना किंवा तिहेरी कसोटी अपुरी म्हणून निवडणूक थांबवायची नाही, त्याच न्यायालयाच्या ‘जैसे थे’खाली महाराष्ट्रातल्या संस्था वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या. तारखा पडत गेल्या. राज्याने ढकलले हे खरे, पण दार न्यायालयाने उघडे ठेवले होते.

या तारखांच्या मधल्या काळात आमची जानेवारी २०२० ची जिल्हा परिषद म्हातारी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपून गेली. आता सीईओच प्रशासक. ज्यांच्या कारभारावर अध्यक्षाने, स्थायी समितीने, सभागृहातल्या एखाद्या भांडकुदळ सदस्याने नजर ठेवायची, तेच सभा, तेच समिती, तेच अध्यक्ष. विषयही तेच मांडतात आणि मंजूरही तेच करतात. अधिकारी वाईट असतात असे मी म्हणत नाही. काही तर निवडून आलेल्यांपेक्षा उजवे असतात. पण शाळेच्या गळक्या खोलीसाठी रिसोडहून आलेला माणूस सदस्याच्या घरी सकाळी सातला जाऊन त्याला अंथरुणातून उठवू शकतो. सीईओंच्या बंगल्यावर तो जाणार नाही. ‘आता सांगाव कोनाले, भाऊ?’ हा प्रश्न मी गेल्या वर्षभरात पुष्कळदा ऐकला. त्याला मी तरी काय सांगणार, सातवी अनुसूची?

पैशाचेही तसेच. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामीण निधी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला असा वाटला जातो. निवडून आलेले मंडळ नसेल तर तो द्यायचा नाही, अशी केंद्राची अट. निवडणूक घेणार नाही राज्य, निधी अडवणार केंद्र, आणि तोटा वाशिमचा. वर हाच जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत; २०१८ पासून दिल्ली इथले आरोग्य आणि शिक्षणाचे आकडे संगणकावर पाहत असते. दिल्लीला वाशिम दिसते, मुंबईला वाशिम मोजता येत नाही, आणि वाशिमला स्वतःची सभा भरवता येत नाही. दोन हेल्यांची टक्कर लागली की बांधावरचे बाभळीचे रोप आडवे होते, ते कोणाच्या बाजूचे होते हे कोणी विचारत नाही.

६ मे २०२५ ला न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्या पीठाने आदेश दिला की बांठिया अहवालाच्या आधी ओबीसी आरक्षण जसे होते तसे धरून निवडणुका घ्या. चार महिन्यांची मुदत दिली, सप्टेंबरात ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. लोकांनी पेढे वाटले, २७ टक्के परत आले म्हणून. नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने आठवण करून दिली की एकूण आरक्षण पन्नासच्या वर जाता कामा नये. काहीजणांना धक्का बसला. का बसावा? जनगणना २०११ चीच आहे. जागा ५२ च आहेत. हा लेख लिहिताना मी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली: एकोणीस, पावणेसात आणि सत्तावीस. दीड जागा अजूनही जास्तच भरते.